व्हीआरआर चालू केला, तरी आईची रेघ गेली नाही

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. गाऱ्हाणं घातलं ते सुद्धा विश्वासाने नव्हे, रागाने घातलं. आणि तो राग माझ्या मते अगदी रास्त होता...

आमचं घर पेडणे तालुक्यात, विमानतळापासून फार लांब नाही. विमानतळ झाल्यापासून बाहेरचे लोक आमच्याकडे जमिनी बघत फिरतात. मी पण एकदा एका दलालाला घरी आणलं होतं, नुसता भाव विचारायला. त्यानंतर काही महिन्यांनी मी कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलो आणि परत आलो तर — हॉलच्या मधोमध चिऱ्यांची भिंत! पुढचा भाग, रस्त्याकडचा, दादाचा. मागचा, माडांकडचा, माझा. विचारणं नाही, सांगणं नाही. आई दादाच्या बाजूला. आणि मी हौसेने, चार महिने चौकशी करून घेतलेला गेमिंगचा मोठा टीव्ही, तोही दादाच्याच भिंतीवर.

"भिंतीक लावलेलो आसा, ऱ्हवांदे," दादा म्हणाला. बस, एवढंच. मी बायकोला घेऊन डिचोलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो.

मला फक्त एकच गोष्ट हवी होती — भिंत आपण लोभाने घातली हे दादाने आईसमोर कबूल करावं. तो तोंड उघडेना. मग एका दुपारी मी आमच्या वाड्याच्या देवचाराकडे गेलो. देवचार म्हणजे वाड्याचा राखणदार, वडाखालच्या दगडावर त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि फेणी ठेवतात. आमच्याकडे एक रीत आहे, सख्ख्या रक्ताच्या माणसाचं नाव गाऱ्हाण्यात घ्यायचं नाही, नाहीतर घाव उलटतो. म्हणून मी नाव घेतलं नाही. म्हटलं, "बा देवचारा म्हाराजा, ज्या कोणी माझ्या घराचे दोन तुकडे केले, त्याच्या डोळ्यांना कुठलंच चित्र अखंड दिसू नये."

टीव्ही डोक्यात होता ना, म्हणून असं सुचलं.

पंधरवडाही झाला नसेल, दादाचा फोन. कितीतरी महिन्यांनी.

"अरे, तुज्या टीव्हीर गेम खेळताना चित्र मदीच फाटता. आईक तर सिरियलीतय रेघ दिसता. येऊन बघशीत?"

खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बायकोला म्हटलं, करावे तसे भरावे! रविवारी सकाळी, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — टीव्ही आपल्या ठरलेल्या वेगाने चित्र बदलत असतो. गेमने मधेच नवीन चित्र पाठवलं की वरचा अर्धा भाग जुना, खालचा नवा, मधे एक आडवी रेघ. त्याला स्क्रीन टेअरिंग म्हणतात. व्हीआरआर, म्हणजे बदलता रिफ्रेश रेट, चालू असला की टीव्ही गेमच्या तालाने चालतो, रेघ येत नाही. मी हा टीव्ही घेतला तोच मुळी त्यासाठी.

रिमोट हातात घेतला आणि माझा सगळा आनंद मावळला. दादाने केबलचा बॉक्स चांगल्या पोर्टला लावून गेमचा कन्सोल साध्या पोर्टला टाकला होता, गेम मोडही बंद. देवचार बिवचार काही नाही, निव्वळ गाढवपणा. तसंच सोडून यावं असं फार वाटलं. पण आई समोर खुर्चीवर बसलेली, वहिनी चहा घेऊन उभी... मुकाट्याने वायर बदलली, गेम मोड लावला, टीव्हीत आणि कन्सोलमध्ये दोन्हीकडे व्हीआरआर चालू केला. दादाने गाडीची शर्यत लावली. वळणावर विजेचे खांब झपाझप गेले, एकही तुटला नाही.

"झाला," दादा म्हणाला. माझ्याकडे बघून हसला पण. मला त्याचा आणखीच राग आला.

तेवढ्यात आई म्हणाली, "रेघ अजून आसा मरे."

मी जवळ जाऊन बघितलं. काही नव्हतं. दादाने सिरियल लावली.

"आता?"

"आसा. सगळ्यांचा कपाळ एकीकडे, तोंड दुसरीकडे."

मी टीव्ही बंदच केला. काळा पडदा. म्हटलं, "आता तरी गेली?"

आईने मान वळवली आणि दादाकडे बघत राहिली. "आता तुज्या दादाच्या तोंडार आसा," ती म्हणाली. मग वहिनीकडे बघितलं, दाराकडे, बाहेरच्या तुळशीकडे. शेवटी माझ्याकडे. बराच वेळ.

"तुज्या तोंडार नाय. तू देवचाराकडे गेल्लस?"

मी रिमोट खाली ठेवला. मी हो म्हटलं.

"दादाचा नाव घेतलंस?"

"नाही. जो कोण असेल तो, म्हटलं."

आई खुर्चीत सरळ बसली. "भिंत घालूक मियाच सांगितलंय," ती म्हणाली. "तू घर भायल्याक इकशीत म्हणान. मागच्या बाजूक रस्तो नाय. कोण इकत घेवचो नाय."

दादा जमिनीकडे बघत होता. इतके महिने माझ्या शिव्या खाऊन तो गप्प का बसला ते तेव्हा कळलं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझा सगळा राग दादावरून उठला आणि जसाच्या तसा आईवर जाऊन बसला. स्वतःच्या मुलाला अडकवायला तिने असा हिशेबी सापळा लावला होता!

आईला म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मग पणजीला मेंदूच्या. मोतीबिंदू नाही, नस नाही, काही नाही. वयोमानाने होतं, म्हणाले. वयोमानाने रेघ सगळ्यांच्या तोंडावर दिसते आणि एकट्या माझ्याच का दिसत नाही, याचं उत्तर कोणाकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा.

गाऱ्हाणं परत घ्यायची पण रीत आहे. ज्या तोंडाने घातलं त्याच तोंडाने, "माझं भांडण मिटलं" म्हणायचं. रोट, फेणी घेऊन मी दोनदा गेलो. वडाखाली उभा राहिलो. पण तिथे खोटं चालत नाही म्हणतात, आणि खरं म्हणजे... माझं मिटलेलं नाही.

हल्ली रविवारी जातो. आई खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसते, टीव्ही लावत नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते.

"घरात तू एकटोच माका अखंड दिसतंस रे," म्हणते. "वायच बस."

मी बसतो, आणि चहा संपला की उठतो.