सान्वीला इथे ठेवायची चिठ्ठी

"तपासणी नको मॅडम, फक्त चिठ्ठी द्या," रूपेश म्हणाले. "मुलीला तिथली भाषा झेपत नाही, तिला मातृभाषेतच शिकवलेलं बरं, एवढं लिहा. इथल्या शाळेत प्रवेशाला लागेल आणि तिथल्या शाळेलाही दाखवता येईल."

गोव्यात पेडण्याच्या बाजारात कान-नाक-घशाचा एक दवाखाना आहे. मी तिथे ऑडिओलॉजिस्ट आहे. ऐकू किती येतं ते मोजायचं, श्रवणयंत्रं बसवायची आणि ज्या मुलांना बोलायला त्रास होतो त्यांच्याकडून बोलणं करून घ्यायचं, हे माझं काम. आठवड्यातले तीन दिवस डिचोलीला, तीन दिवस इथे. शाळांसाठी चिठ्ठ्या लिहिणं माझ्या रोजच्या कामातलंच. रूपेशना हवी तशी चिठ्ठी पाच मिनिटांत लिहून झाली असती.

चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, होऊन तीन दिवस झाले होते. रूपेश इब्रामपूरचे. पोर्तुगालला लिस्बनमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. पाच वर्षं ते एकटे तिथे होते. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी बायकोला आणि दोन मुलांना नेलं. मोठी सान्वी, सात वर्षांची. धाकटा अर्णव दोन वर्षांचा. आता सगळे चवथीला घरी आले होते आणि सतरा दिवसांनी परतायचं होतं. तिकिटं चार होती. रूपेश तिघांनीच परत जायचं म्हणत होते.

सान्वीची आई सुप्रिया खुर्चीच्या कडेला बसली होती. रूपेशचे वडील दाराशी उभे होते.

"बाय हांगाच रावूं दी," ते मोठ्या आवाजात म्हणाले. "आमी आसात न्ही?"

नातीला इथेच ठेवा, आम्ही आहोत ना सांभाळायला, एवढंच त्यांचं म्हणणं.

"तिथे नेमकं काय होतं?" मी विचारलं.

रूपेश सांगू लागले. इथे असताना सान्वी दिवसभर बडबड करायची. तिथे शाळेत गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत गप्प झाली. टीचरने काही सांगितलं की नुसती बघत बसते. बाकीची मुलं वही काढतात, मग ही काढते. मैत्रीण एकही नाही. सकाळी शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. परत अंथरूण ओलं करायला लागली. शाळेत एक सायकॉलॉजिस्ट येतात. त्या म्हणाल्या, नवीन देश, नवीन भाषा, मुलगी अजून रुळलेली नाही. वर्ष गेलं. आता शाळा म्हणते, हिला वेगळ्या वर्गात बसवू, जिथे शिकायला जड जाणारी मुलं असतात.

"आणि इथे?"

"इथे आल्यापासून एकदम बरी. आरतीला झांज घेऊन पुढे उभी होती. आजीशी तासन्‌तास गप्पा. तुम्हीच सांगा मॅडम, मग हिला कशाला ओढून न्यायचं?"

बिनतोड वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. त्याच वेळी सुप्रिया पहिल्यांदा बोलली.

"मॅडम, मी तुम्हाला फोन केला होता. जानेवारीत. माझ्या मावसबहिणीने नंबर दिला होता."

मला आठवलं. दोन पेशंटच्या मधे घेतलेला फोन होता. परदेशात गेलेलं मूल सुरुवातीला काही महिने गप्प राहतं. नवीन भाषा ते आधी नुसती ऐकून साठवतं आणि मग बोलायला लागतं. आमच्या पुस्तकांत त्याला सायलेंट पीरियड म्हणतात. मी तिला तेच सांगितलं होतं. सहा-आठ महिने द्या, दडपण आणू नका. फोन ठेवला आणि विसरून गेले.

"मी वाट बघितली," सुप्रिया म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं. "एक गोष्ट मात्र मला कळत नाही. आपल्या घरात पोर्तुगीज शब्द किती आहेत. खिडकीला जनेल, चमच्याला कुलेर, बटणाला बुतांव, शिवाय मेज, पांव. तिथेही जवळपास तसेच म्हणतात. मी टीचरना यादी करून दिली, हे शब्द तिला येतात म्हणून. टीचर म्हणाल्या, ‘खिडकी बंद कर’ म्हटलं तरी ती हलत नाही. जनेल तिला येत नाही असं कसं होईल? घरी तर मी म्हटलं की लगेच लावते."

मी पेन खाली ठेवलं. मुलाला भाषा येत नसेल तर त्याला न येणारे शब्द कळत नाहीत. येणारे शब्दही कळत नसतील तर ते भाषेचं दुखणं नव्हे.

सान्वी माझ्या टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यांचा मनोरा करत होती. मी तिच्या समोर वाकून विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय गे बाय?"

"अर्णव," ती पटकन म्हणाली.

मी उठले. फाइल काढायच्या निमित्ताने तिच्याकडे पाठ केली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "अर्णव कोणाकडे ठेवलाय आज?"

वर पंखा फिरत होता. मागून उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं. ती मनोऱ्यावर पाचवा ठोकळा ठेवत होती.

मी परत समोर येऊन बसले. फाइल तोंडासमोर धरली आणि तोच प्रश्न विचारला. सान्वीने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग हसून म्हणाली, "हो."

मी फाइल खाली घेऊन पुन्हा विचारलं. "आजीकडे," ती म्हणाली.

"तिचे कान तपासलेत?" मी रूपेशना विचारलं.

"तपासले मॅडम. गेल्या गेल्या शाळेने तपासून घेतले. पास झाली. तिचा कान बरा आहे, तिचं मन लागत नाही तिथे."

"ते ऑगस्ट-सप्टेंबरला झालं असेल. त्यानंतर सर्दी?"

रूपेशनी सुप्रियाकडे बघितलं. ती म्हणाली, "नोव्हेंबरपासून कायम. तिथे घराच्या भिंतींना ओल आहे. एक सर्दी जाते तोवर दुसरी. झोपते तोंड उघडं टाकून. आता येताना विमान मोपाला उतरायला लागलं तेव्हा दोन्ही कान धरून रडत होती."

मी म्हटलं, "चिठ्ठी देते. पण आधी अर्धा तास मुलीला माझ्याकडे द्या."

तपासणीची खोली म्हणजे एक छोटी बंद केबिन, बाहेरचा आवाज आत येत नाही अशी. मुलाच्या कानांवर हेडफोन लावायचा आणि बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की त्याने बटण दाबायचं. सान्वीला हा खेळ आवडला. ती बटणावर अंगठा ठेवून सावध बसली. मी आवाज सोडला. तिने दाबलं नाही. थोडा वाढवला. नाही. आणखी वाढवला. मी काचेतून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कंटाळा नव्हता, हट्ट नव्हता. ती मनापासून वाट बघत होती. बऱ्याच वर आल्यावर तिने एकदम बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसली. जमलं, असं.

दोन्ही कान तसेच. ठार बहिरेपणा नव्हता. समोर बसून मोठ्याने बोललेलं कळावं, पण तीस मुलांच्या गोंगाटात, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या टीचरचं काही कळू नये, एवढं ऐकणं कमी झालेलं.

आता मला धाकधूक होती ती दुसऱ्या गोष्टीची. कानाच्या आतली नस कमजोर असेल तर ती बरी होत नाही. ते कळायला कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र टेकवतात. त्याचा आवाज कानाचा पडदा टाळून थेट आतल्या नसेला पोचतो. मी ते लावलं आणि सगळ्यात बारीक आवाज सोडला. सान्वीने बटण दाबलं. दुसरा सोडला. दाबलं. तिसरा. दाबलं.

मी खुर्चीत मागे टेकले. नस उत्तम होती.

मग तिसरी तपासणी. कानात रबरी टोक बसवून हवेचा दाब थोडा कमी-जास्त करायचा. पडदा नीट हलत असेल तर कागदावर डोंगरासारखी रेघ येते. सान्वीची रेघ सपाट आली. दोन्हीकडे. पडद्यामागे पाणी साचून घट्ट झालं होतं. मराठीत याला सुटसुटीत नाव नाही, इंग्रजीत ग्लू इअर म्हणतात, म्हणजे कानात डिंक. सर्दी वारंवार झाली की लहान मुलांत होतं. यात बहुतेक दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मूल बिचारं काय सांगणार? आपल्याला ऐकू येतं तसंच सगळ्यांना येत असेल, असं त्याला वाटतं.

मी कागद घेऊन बाहेर आले आणि सगळं समजावून सांगितलं. रूपेश मान हलवत राहिले.

"मग घरी कसं ऐकू येतं तिला? आईशी एवढ्या गप्पा मारते."

"तुमच्या घरी सगळे कसे बोलतात?"

सुप्रियाच्या लक्षात आधी आलं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबांना कमी ऐकू येतं," ती हळूच म्हणाली. "त्यामुळे आम्ही सगळेच ओरडून बोलतो. आणि समोर जाऊन. तिथेही तीच सवय."

आजोबांनी हे ऐकलंच नाही. ते सान्वीला ठोकळे गोळा करून देत होते.

रूपेशनी त्या सपाट रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तिला मारलंय मॅडम. दोनदा. शाळेतून तक्रार आली की घरी ओरडायचो, ऐकत का नाहीस, ऐकत का नाहीस म्हणून."

मी म्हटलं, "जानेवारीत मीही तिला न बघता सल्ला दिला होता."

आमचे डॉक्टर बाजूच्या खोलीत होते. ते कमी बोलतात. त्यांनी कान पाहिले, कागद पाहिले.

"परत कधी जाणार?"

"सतरा दिवसांनी," मी म्हटलं.

"नवीन असतं तर तीन महिने थांबून बघितलं असतं. कित्येकदा आपोआप सुकतं. इथे वर्ष होत आलं, दोन्ही कान, शाळेचं नुकसान. ग्रोमेट टाकू. या आठवड्यातच."

ग्रोमेट म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान नळी. पडद्याला बारीक छेद देऊन आतलं पाणी ओढून घेतात आणि ती नळी तिथे बसवतात. कानाला आतून हवा मिळते. काही महिन्यांनी ती आपोआप गळून पडते. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, पण भूल द्यावी लागते.

भूल म्हटल्यावर आजोबा आडवे आले. सणाला आलेल्या पोरीला ऑपरेशन कसलं, म्हणाले. त्यांना समजावायला डॉक्टरांनाही आवाज चढवावा लागला. रूपेशनी विचारलं, "विमानात त्रास होईल?" डॉक्टर म्हणाले, "उलट कमी होईल. उतरताना कान दुखणार नाहीत." शेवटी सुप्रियाच म्हणाली, "करायचं." पुढे कोणी वाद घातला नाही.

पाच दिवसांनी म्हापशाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. माझं तिथे काही काम नव्हतं, तरी मी गेले. जानेवारीतला फोन डोक्यात होता. सुप्रिया बाकावर पदर मुठीत धरून बसली होती. रूपेश जिन्यापर्यंत जात होते आणि परत येत होते. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "भरपूर निघालं. डिंकासारखं घट्ट," आणि चहा प्यायला गेले. सुप्रियाने मूठ सोडली तेव्हा पदराला तिच्या बोटांच्या सुरकुत्या पडल्या होत्या.

दुपारी सान्वी पूर्ण जागी झाली. आजी-आजोबा भेटायला आले. आजीने पलंगाशी वाकून सवयीने मोठ्याने विचारलं, "कसं वाटतं गे माझ्या बायला?"

सान्वीने दोन्ही हात कानांवर ठेवले. "आजी, केवढ्यान बोलतेस," ती म्हणाली.

आजी गोंधळली. रूपेश खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. सुप्रिया मात्र हसत होती. किती वेळ हसत होती.

जायच्या आधी दोन दिवस मी परत तपासणी केली. तेच हेडफोन, तेच बटण. या वेळी बारीक आवाजांनाही सान्वी दाबत गेली. कागदावरच्या खुणा वरच्या ओळीत, जिथे असायला हव्यात तिथे आल्या. मग मी चिठ्ठी लिहिली, तिकडच्या शाळेसाठी, इंग्रजीत. मुलीची बुद्धी आणि भाषा वयाप्रमाणे आहे. वर्षभर तिला वर्गात नीट ऐकू येत नव्हतं. तिला पुढच्या बाकावर बसवावं, तिच्याकडे बघून बोलावं, दर तीन महिन्यांनी कान तपासावेत. वेगळ्या वर्गाची गरज नाही. रूपेशनी ती दोनदा वाचली, घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवली. चौघेही गेले.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. वर्षभराची भाषा बुडाली होती, ती भरून काढायला वेळ लागला. शाळेने आठवड्यातून तीन दिवस वेगळी शिकवणी दिली. पोटदुखी थांबली, अंथरूण ओलं होणं दिवाळीपर्यंत चाललं. फेब्रुवारीत सुप्रियाचा व्हॉइस मेसेज आला. टीचरनी वर्गात सान्वीची जागा बदलली होती. शेजारच्या मुलीशी तासभर कानात कुजबुजत असते, अशी टीचरची तक्रार होती. सुप्रिया म्हणाली, "मॅडम, तक्रार ऐकून मी टीचरना थँक यू म्हटलं. त्या बघतच राहिल्या."

तेव्हापासून मूल रुळत नाही, गप्प झालंय, चिडतंय, ऐकत नाही, असं काहीही घेऊन कोणी आलं तरी मी पहिल्यांदा त्याला केबिनमध्ये बसवते. दहापैकी नऊ वेळा कान ठीक निघतात. लोकांना वाटतं, ही बाई उगाच तपासणी करायला लावते. वाटू दे.