पत्र्याखालची कबर

योहानराव साळवे प्रत्येक दफनविधीला वेळेवर येत आणि कबरस्तानाच्या फाटकाबाहेर थांबत. शवपेटी आत गेली की ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. सर्व आटोपेपर्यंत मान वळवत नसत. ‘मरण’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते त्याला ‘तिकडचं’ म्हणत. “मास्तर, सकाळच्या पारी तिकडचं काढू नगा. चहा कडू लागतो.”

छावणीत त्यांचे मोटार दुरुस्तीचे दुकान होते. मी निवृत्त शिक्षक आणि आमच्या चर्चच्या पंचांपैकी एक. कोणी थट्टेने म्हणे, “योहानराव, आत या की, कुणी चावत नाही.” ते उत्तर देत, “चावत नाय, बोलत नाय, हालत नाय. म्हणूनच भ्या वाटतंय.”

पत्नी एस्तेर गेली तेव्हाही ते आत आले नाहीत. मुलगी मार्था हात धरून ओढत होती. त्यांनी फाटकाजवळची मूठभर माती उचलली, तिच्या ओंजळीत दिली आणि म्हणाले, “माझ्या वाटची तूच टाक.” लोक बरेच बोलले.

आमच्या कबरस्तानात थोडे खणले की काळा दगड लागतो. पावसात काम अडून बसते. म्हणून मृगापूर्वी एक कबर खणून पत्र्यांनी झाकून ठेवण्याची आमची जुनी रीत आहे. दरवर्षी एका कुटुंबाकडे ही पाळी येते. कबर कोणासाठी, हे कोणी विचारत नाही. वारा सुटला की पत्रे वाजतात आणि शेजारच्या घरांतले लोक खिडक्या लावून घेतात.

एका हिवाळ्यात योहानरावांचा आवाज बसला. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी घशातली गाठ तपासली आणि मार्थाला बाजूला बोलावून घेतले. मी भेटीस गेलो, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“मास्तर, प्रभू उठला, आपण बी उठणार, असं जल्मभर तोंडानं म्हणत आलो. खरं हाय का वो ते?”

“खरं आहे.”

“तुमी भीत नाय?”

“भितो.”

ते माझ्याकडे वळले. “मग कबरस्तानात कसं जाता?”

“प्रभू आधी तिथं जाऊन आला आहे, म्हणून.”

त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केले. मला वाटले, माझे शब्द वाया गेले.

ईस्टरच्या पहाटेची उपासना आम्ही कबरस्तानातच करतो. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लावतात. त्या वर्षी दुसरे गीत सुरू झाले आणि योहानराव फाटकातून आत आले. कोणाकडे न पाहता ते एस्तेरच्या थडग्यापाशी गेले, खाली बसले आणि दगडावर तळहात ठेवला. “उशीर झाला गं,” एवढेच मला ऐकू आले.

त्याच उन्हाळ्यात कबर खणून घेण्याची पाळी साळवे कुटुंबाची होती. पंचांनी ती दुसऱ्यास देण्याचे ठरवले. कबर आपला माणूस ओळखते, अशी कुजबूज चाललीच होती. योहानराव बैठकीत आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पाळी माझी हाय. मीच खणून घेणार.”

कबरी खणणाऱ्या करीमभाईंनी पहारीने दगड फोडला. योहानराव आणि मी शेजारच्या ओट्यावर छत्री घेऊन बसलो होतो. काम संपताच योहानरावांनी शिडी आत सोडली.

करीमभाई ओरडले, “अरे मियाँ, कायकू उतर रै? जिते आदमी का जगा नै ये!”

“तू उतरतोस की.”

“मैं काम कू उतरता.”

“मी बी कामालाच उतरतोय.”

ते उतरले आणि दिसेनासे झाले. आतून आवाज येईना. उन्हात पत्रे तडकल्यासारखे वाजत होते. करीमभाई माझ्याकडे पाहू लागले. मी हाक मारली. उत्तर आले नाही. पुन्हा मारली.

“हाय मी. हात द्या.”

वर आले तेव्हा त्यांच्या पाठीला, डोक्याच्या केसांना मुरूम लागला होता. आत ते आडवे झाले होते, हे उघड होते.

“काय केलेत?” मी विचारले.

“प्रभूला म्हणलो, तू असाच झोपलास अन् उठलास. मी हितं झोपतो. उठवायचं काम तुझं.”

“भीती गेली?”

“नाय वो. हाय की. पर आता मी तिच्यासंगं एकटा नाय.”

मग त्यांनी स्वतःच्या हातांनी पत्रे सरकवले आणि त्यांवर दगड ठेवले.

श्रावणात पाऊस लागून राहिला. एका दुपारी मार्थाने मला बोलावून घेतले. योहानरावांच्या घशाखाली पाण्याचा चमचाही उतरत नव्हता. त्यांची नजर दाराकडे लागली होती. उंबऱ्यात कोणी उभे असावे, तशी. मी वळून पाहिले. कोणी नव्हते.

“प्रार्थना करू?” मी विचारले.

त्यांनी मान हलवून नको म्हटले. स्वतःच करायची होती. त्यांनी हात जोडण्याचा प्रयत्न केला. मार्थाने ते आपल्या हातांत धरले. शब्द जुळायला वेळ लागला.

“प्रभू, भ्या वाटतंय. येतो.”

“आमेन,” मी म्हणालो.