मंदाबाईंच्या शिफ्टमधले पॅड

आठवड्यात दुसऱ्यांदा पेट्यांत पॅड घालायचे राहिले, तेव्हा माझी नजर मंदाबाईंवर गेली.

वणी रोडवरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी मॅनेजर होतो. निर्यातीच्या पेट्या आधी प्रीकूलिंगला, म्हणजे गार खोलीत, काही तास ठेवतात. बाहेर काढल्या की द्राक्षांवर औषधी कागदाचा पॅड ठेवायचा आणि पेटी बंद करायची. पॅड नसेल तर वाटेतच बुरशी धरते. हे काम अकरा वर्षं मंदाबाईंकडे होतं आणि एकदाही चूक नव्हती. आता एकदम दोनदा? त्यात त्यांची जाऊ नुकतीच समोरच्या पॅकहाऊसला लागलेली. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं.

शेठ म्हणाले, "नोटीस टाईप करा. उद्यापासून त्यांचं काम बंद."

नोटीस खिशात घालून मी मंदाबाईंना बोलावलं.

"प्रीकूलिंगनंतर काय करायचं असतं?"

त्यांनी सगळं घडाघडा सांगितलं. माझा संशय पक्का झाला.

"म्हणजे विसरला नव्हतात."

"ठाऊक हाय हो साहेब. पण येळेवर आठवलंच नाय."

सबब लंगडी वाटली. बोलताना त्यांचा हात सारखा कमरेशी चाचपत होता. काय लपवलंय, मी विचारलंच.

"लपवू काय? गाठ बघते. पेट्या आत गेल्या की मी पदराला गाठ मारते. हात पुसायला पदर घेतला की ती हाताला लागती, मग पॅड आठवत्यात. आता वरून ह्यो गाऊन. पदर गावतच नाय."

ते बंद गाऊन ऑडिटसाठी गेल्या सोमवारी मीच आणले होते.

काम ठाऊक असणं वेगळं आणि ते नेमक्या वेळी आठवणं वेगळं. वेळेवर आठवायला मेंदूला कुणीतरी डिवचावं लागतं. ती सोय मीच गाऊनखाली कोंडली होती. मला लाज वाटली. प्रीकूलिंगच्या दाराच्या कडीला ‘पॅड’ लिहिलेली लाल पाटी अडकवली. ती काढल्याशिवाय पेटी बाहेर येत नाही. पुन्हा पॅड राहिले नाहीत.

नोटीस न देता शेठकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली होती. तेवढ्यात चूक माझी होती हे त्यांना सांगायचं होतं. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदाबाईंनी विचारलं, "शेठला सांगितलं का?"

"अरे, राहिलंच बघा."

 चौकशी करताना मी मंदाबाईंकडे संशयाने बघत होतो, तशाच त्या आता माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठलो आणि शेठच्या केबिनमध्ये गेलो.