अडवलेल्या मेलची यादी

चूक नेमकी कुणाची, हे मला अजून कळलेलं नाही. स्टाफरूममधले म्हणतात, तुझीच. असेलही.

कसबा बावड्याजवळच्या एका कॉलेजचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. लॉटरी लागली, खातं बंद होणार, असले फालतू मेल रोज ढीगभर येतात. सर्व्हर ते अडवून ठेवतो आणि सकाळी ज्याची त्याला यादी पाठवतो. त्यात एखादा कामाचा मेल दिसला, तर समोरचं 'सोडा' बटण दाबायचं. नाही दाबलं, तर पंधरा दिवसांनी तो आपोआप पुसला जातो. इतकं सोपं. पण सोप्यात भागलं, तर ते आमचं ऑफिस कसलं!

आमचे हेडक्लार्क म्हणजे जुनं खोड. 'कागदावर न्हाय ते झालंच न्हाय,' हा त्यांचा खाक्या. त्यांनी फर्मान काढलं: यादीची प्रिंट काढा, आवक नंबर घाला, फाईल संगणक विभागाकडं पाठवा. रोज माझ्या टेबलावर गठ्ठा. आधी मी भांडलो, मग कंटाळलो आणि न वाचताच 'पाहिले' लिहून सह्या ठोकायला लागलो. म्हटलं, असेल यांची नोंदीची हौस.

एका दुपारी रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या मदतनीस बाई आल्या. गडहिंग्लजच्या, सहा वर्षं कंत्राटावर. पुण्याच्या एका संस्थेत कायमच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता. वयाच्या अटीमुळं ही शेवटची संधी, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

"सर, माझा मेल कधी सोडताय?"

"कुठला मेल?"

"यादीत आलता की. लाल पेनानं खूण करून दिलती."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, कागदावर खूण केल्यावर मेल सुटतोय व्हय? बटण दाबायचं असतं!"

"मग तुम्ही सही कशाची केली?"

मी तणतणत फाईल ओढली. 'अभिनंदन, मुलाखतीसाठी निवड' या ओळीपुढं लाल खूण, खाली माझी सही. त्याला अठरा दिवस झाले होते.

"मग आधी का नाही आलात?" मी ओरडलोच.

"फाईल वर गेली की पंधरा-वीस दिस लागत्यातच की, सर. मागं लागलं की लोक चिडतात."

कप्पाळ माझं! चिडत तर मीच होतो. घाईघाईनं जुना बॅकअप उघडला. मेल सापडला. मुलाखत कालच झाली होती. मी पुण्याला फोन लावला, गयावया केली, चूक आमच्या ऑफिसची म्हणून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, उमेदवारांची यादी बंद झाली.

बाईंनी उभ्या उभ्याच स्क्रीनवरचं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. लाजेनं माझी मान वर होईना.

"म्हणजे मला खरंच बोलावलं होतं?" त्यांनी विचारलं.

"होय."

"मग एक प्रिंट द्या, सर. घरी आमच्या आण्णांना दाखवते. त्यांना वाटतंय, मला कुणी बोलावलंच न्हाय."

मी प्रिंट काढून दिली. त्यांनी ती जपून पर्समध्ये ठेवली आणि जाताना मलाच थँक्यू म्हणाल्या.