चार महिने आधी अठरा

फुजैराहून दुबई एअरपोर्टला जाताना बाबा रस्ताभर एकच घोकत होते, "सहा महिन्यांत परत येशील, इन्शाल्ला." मी तोंड फिरवून बसलो होतो. माझा व्हिसा कॅन्सल झाला होता आणि त्यात बाबांचाच हात होता.

मी दोन वर्षांचा असताना आम्ही तिकडे गेलो. जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत बाबा नोकरीला. पुढे शाळेला माझं वय थोडं कमी पडलं, म्हणून त्यांनी चिपळूणला जाऊन दाखल्यावर माझा जन्म ऑक्टोबरचा जून करून आणला. आपल्याकडे सर्रास करतात. वर्ष वाचलं म्हणून आईने पेढेसुद्धा वाटले!

तेव्हा त्या देशाला माणसं हवी होती. बाहेरचे वाढले तसे नियम आवळत गेले. नागरिकत्वाचं तर नावच काढू नका; ते तिथे बापाकडून येतं आणि आमचा बाप चिपळूणचा. नुसतं राहायचं तरी मुलीला लग्नापर्यंत मुभा, मुलाला अठरापर्यंत. पुढे कॉलेज चालू असेल तरच. माझं कॉलेज सप्टेंबरात सुरू होणार होतं आणि कागदावर मी जूनमध्येच अठरा झालो. कॉलेज म्हणे आधी व्हिसा दाखव; व्हिसावाले म्हणे आधी ॲडमिशन दाखव. खलास! धाकटी मनाली तेवढी राहिली. "धिस इज नॉट फेअर, बाबा," म्हणून ती रडली.

"आपण इथे पाहुणे, आवाज कमी," हे बाबांचं पालुपद. सोळा वर्षं आवाज कमी ठेवला, मिळालं काय? डोंबल!

माझे शाळासोबती अजून तिकडेच आहेत, "यल्ला, चल, ये ना," म्हणतात. मी पुण्यात शिकून नोकरीला लागलो; मागच्या वर्षी कंपनीने मला दुबईतल्या जबल अली बंदरावर पाठवायचं ठरवलं, तीन वर्षांच्या व्हिसावर. मी नाही म्हणालो. बाबांचा लगेच फोन, "अरे, घरी यायला नको म्हणतोस?"

"बाबा, घरी येणाऱ्याला कुणी तीन वर्षांची मुदत घालतं का?"

ते हळूच म्हणाले, "मलाही साठ झाली रे, कंपनी आता ठेवणार नाही. डिसेंबरात माझा व्हिसा संपतोय. आम्ही कुठे जायचं?"

राग अजून आहे माझा, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, "या इकडे. इथे तुमची तारीख कुणी विचारणार नाही."