संमतीपत्रावरची शेवटची सही

संपात गिरणी सुटली आणि मी लालबागच्या फुटपाथवर सुक्या मिरच्यांचं एक पोतं घेऊन बसलो. त्या पोत्याचं दुकान मी स्वतः केलं, त्यात कुणाचे उपकार नाहीत. गावच्या काजूंचं मात्र तसं म्हणता येणार नाही.

डोंगरउताराची माती धुपू नये म्हणून पड जमिनीवर फळझाडं लावणाऱ्याला सरकार अनुदान देत होतं. आमचा कोकणातला उतार ओसाडच होता, फक्त वरच्या अंगाला एक झरा आणि त्याच्या डोक्यावर थोडं रान होतं. अर्ज भरला, तर तलाठ्याने सातबारा पुढे केला. जमीन सामाईक, सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. हिस्सेदार म्हणजे गिरणगावभर पसरलेली भावकी. परळ, माहीम पालथं घालून सह्या मिळवल्या. एकच राहिली, चिंचपोकळीच्या चुलतभावाची. संप चालू असताना तो पोलिसांच्या गाडीतून कामावर गेला होता, आणि चाळीच्या गॅलरीत उभं राहून मी त्याला नको नको ते बोललो होतो. तेव्हापासून बोलणं बंद. पण त्याची सही नाही, तर अनुदान नाही.

गेलो. वहिनींनी चहा दिला.

"दादा, चौथा हिस्सा काजू तुझे," मी म्हणालो.

तो गप्प. गप्प बसणारा माणूस भाव वाढवत असतो, हे धंद्याने मला शिकवलेलं. मी तिसऱ्या हिश्शावर आलो. तो गप्पच. चहा संपायच्या आत मी अर्ध्यावर पोचलो आणि माझं डोकं फिरलं.

"आता काय, सगळा डोंगर पाहिजे?"

"काजू नकोत मला. झऱ्याच्या वरची ऐन-किंजळीची झाडं तोडू नकोस. तेवढं लिहून दे."

तेवढ्या जागेत बरीच कलमं बसली असती. मी हुज्जत घातली, आवाज चढवला.

"गॅलरीत जाऊन ओरड," तो म्हणाला. "तुला सवय आहे."

मी चपला घालायला लागलो. वहिनींनी माझ्या हातात पेन दिलं. "भावोजी, झाडं ठेवतो असं लिहा. खाली अर्धे काजूही लिहा. हे नको म्हणाले, मी कुठे म्हणाले?"

मी लिहिलं. त्याने सही केली.

पावसाळ्यात काजूची कलमं लावली. अनुदानाचा दुसऱ्या वर्षीचा हप्ता ती जगलेली दिसली तरच मिळणार होता. मे महिन्यात गावातल्या विहिरी तळाला गेल्या. शेजाऱ्याच्या कलमांच्या काड्या झाल्या. आमचा झरा बारीक धारेने का होईना, वाहत राहिला आणि घरची माणसं कळशीने पाणी घालत राहिली. कृषी सहायकाने एकेक कलम तपासलं, मग वर बघून विचारलं, "हे रान कुणी राखलं?"

"माझ्या भावाने," मी म्हणालो.

हप्ता मिळाला. ते सांगायला मी मुद्दाम चिंचपोकळीला गेलो. संपात तो कामावर का गेला, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही आणि तो गेला, हे मी विसरलेलो नाही. पण त्या बागेसाठी मी सरकारचा जितका ऋणी आहे, तितकाच त्याचाही.