दत्तूचा वर उचललेला हात

मुलांनो, अंगात येण्याच्या गोष्टींना तुमच्या आजीनं कधी थारा दिला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी हे लिहिते आहे, कारण जे घडलं त्याची मला संगतीच लागत नाही…

दत्तू माझा धाकटा भाऊ. कॉलेजात असतानाच त्याला स्किझोफ्रेनिया झाला. पूर्वी आवाज ऐकू यायचे; आता तेही नाही. बोलणं नाही, हसू नाही, तासन्‌तास एका जागी उभा. अलीकडे तर उजवा हात वर उचलून तसाच ठेवायचा. शिरूरच्या डॉक्टरांनी औषध बदललं. म्हणाले, "हे आजारानं, औषधानं की डिप्रेशननं – सगळं एकमेकांत इतकं मिसळलंय, की नक्की सांगता येत नाही."

माझं वय झालं. दौंडच्या एका संस्थेत त्याला कायमचं ठेवायचं ठरवलं. त्याला काही जाणवतच नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते… स्वतःलाही.

निघायच्या सकाळी न्हावऱ्याच्या आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवलेल्या होत्या. दत्तू बांधावर उभा, हात वर. मेंढ्या परक्या माणसाला बुजतात. पण त्या त्याच्याभोवती दाटीनं, गप्प उभ्या होत्या. मेंढपाळ तुकाआबांनी काठी खाली ठेवून हात जोडले.

"आबा, तो आजारी आहे."

"आसंल, बाई. पर मेंढरं आशी उभी ऱ्हात्यात व्हय? आमचा बिरोबा आलाय त्येच्या अंगात."

"मग इतकी वर्षं कुठं होता तुमचा बिरोबा?"

"आमच्यावाणीच फिरत आसंल रानोमाळ."

त्यांनी दत्तूच्या कपाळाला भंडारा लावला. मी अडवायला पुढे झाले, तेवढ्यात दत्तू माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाला, "ताई, हात दुखतोय."

कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य! हात हळूहळू खाली आला. डोळ्यांतून पाणी, चेहरा मात्र कोराच.

"द्येव बोलला," आबा म्हणाले.

"देवाचा हात दुखतो का हो?"

"उचलून धरल्यावर कुणाचाबी दुखंल की."

दौंडला न्यायला आलेली गाडी मी परत पाठवली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "नव्या औषधाचा परिणाम असेल. कधी आपोआपही सुटतं. मेंढ्यांचं मात्र मला विचारू नका."

पण नेमकं तेव्हाच का? दौंडला न्यायचं त्याला कळलं होतं का? विचारलं. दुपारी हात पुन्हा वर गेला. त्यानंतर एक शब्दही नाही.

दौंडला नको म्हणून कळवलं आहे. रोज संध्याकाळी तो हात खाली घेऊन तेल चोळते, दुखतो का विचारते. तो समोर बघत राहतो. थांबू की चोळत राहू, हेही मला कळत नाही.